रेस्क्यू डिस्कवर कोणता एडिटर?

लिनक्सच्या मशीनला दुसरी हार्ड डिस्क जोडली, एफएसटॅब या फाइलमध्ये तिची ओळ घातली आणि तिचा यूयूआयडी लिहिताना एक अक्षर चुकलं. एवढं पुरतं. पुढच्या वेळी मशीन सुरू होताना सिस्टमडी त्या न सापडणाऱ्या डिस्कची दीड मिनिट वाट बघतं, मग इमर्जन्सी मोडचा संदेश टाकून रूटचा पासवर्ड मागत बसतं. रूटचं खातं मुळात बंदच ठेवलेलं असेल तर बहुधा तोही मार्ग नाही. त्या ओळीत 'नोफेल' हा पर्याय घातला असता तर हे टळलं असतं, पण ते नेहमी नंतरच आठवतं. मग रेस्क्यू डिस्कचा पेन ड्राइव्ह शोधायचा, त्यावरून मशीन बूट करायचं, आतलं पार्टिशन माउंट करायचं, फाइल उघडायची, अक्षर बदलायचं, सेव्ह करायचं.

अशी डिस्क तयार करणाऱ्याला एक निर्णय आधीच घेऊन ठेवावा लागतो: समोरच्यानं कुठल्याच एडिटरचं नाव घेतलं नाही, तर काय उघडायचं? व्हीआयवाले आणि इमॅक्सवाले यांचं भांडण जुनं आणि करमणुकीचं आहे, पण इथे ते कामाचं नाही. स्वतःच्या लॅपटॉपवर माणूस स्वतःच्या सवयीचा एडिटर ठेवतो. रेस्क्यू डिस्कवर तो दुसऱ्यासाठी ठेवायचा असतो, आणि त्या दुसऱ्याचा दिवस चांगला चाललेला नसतो.

इथे एडिटरला काम तरी किती

बिघडलेल्या मशीनमध्ये हात घालायच्या फायली मोजक्याच. एफएसटॅब, ग्रबची सेटिंग, पासवर्ड आणि शॅडो, एसएसएचडीचं कॉन्फिगरेशन, नेटवर्कची एखादी फाइल. आणि सुडोअर्स, जिच्यात एक चिन्ह चुकलं तरी सुडो चालेनासं होऊ शकतं. सगळा साधा मजकूर आणि बदल एक-दोन ओळींचा. त्यासाठी रंगीत अक्षरं, प्लगइन, शब्द आपोआप पुरे करणं यातलं काहीही लागत नाही. एडिटरनं फाइल आहे तशी दाखवावी. सांगितलं तेवढंच बदलावं. कुठली फाइल उघडली आहे ते डोळ्यांसमोर ठेवावं. आणि सेव्ह कसं करायचं, बाहेर कसं पडायचं हे कुणाला विचारायची वेळ आणू नये.

यातली फाइलच्या नावाची गोष्ट वाटते त्याहून मोठी आहे. रेस्क्यू डिस्क हेही एक पूर्ण लिनक्सच असतं. तिची स्वतःची एटीसी डिरेक्टरी असते आणि तिच्यातही एफएसटॅब असते. दुरुस्त करायची फाइल मात्र एमएनटीच्या आत, माउंट केलेल्या पार्टिशनवर असते. घाईत माणूस पाथमधलं एमएनटी विसरतो आणि डिस्कचीच एफएसटॅब उघडून तिच्यात दुरुस्ती करत बसतो. ती फाइल मेमरीत असते, त्यामुळे रीबूट केलं की सगळं पुसलं जातं आणि मशीन पुन्हा त्याच संदेशावर येऊन थांबतं. मग माणसाला वाटतं की आपलं निदानच चुकलं, आणि तो धडधाकट गोष्टी बदलायला लागतो. नॅनो हा एडिटर फाइलचं नाव दिलेल्या पाथसकट वरच्या पट्टीवर कायम दाखवतो. व्हीआयमध्ये ते फाइल उघडताना तळाला दिसतं आणि पुढच्या कुठल्यातरी संदेशाखाली गडप होतं.

कर्नलला द्यायचा एखादा पर्याय तात्पुरता बदलायचा असेल तर डिस्कही लागत नाही. ग्रबच्या मेन्यूत 'ई' दाबलं की त्याचा स्वतःचा छोटा एडिटर उघडतो. ओळ बदलून कंट्रोल-एक्स किंवा एफ-१० दाबायचं. तो बदल त्या एका बूटपुरताच टिकतो.

फ्लॉपीचे दिवस

फ्लॉपी १.४४ एमबीची. तिच्यावर कर्नल, शेल, डिस्क तपासायची साधनं आणि वर एडिटर, असं सगळं बसवायचं. ब्रूस पेरेन्स यांनी १९९५ मध्ये बिझीबॉक्स लिहायला घेतलं ते याच अडचणीतून. डेबियनची अशी एकच फ्लॉपी हवी होती जी इन्स्टॉलही करेल आणि अडलेलं मशीन सोडवायलाही चालेल. त्यासाठी अनेक छोट्या आज्ञा एकाच प्रोग्रॅममध्ये कोंबल्या गेल्या. त्या काळात डेबियनच्या फ्लॉपीवर एई नावाचा अगदी लहान एडिटर असायचा. त्याची निवड झाली ती आकार पाहून, आणि व्हीआयची सवय असलेल्यांनी त्याच्या नावानं भरपूर बोटं मोडली. टॉम्सआरटीबीटी नावाच्या प्रकल्पानं तर फ्लॉपी नेहमीपेक्षा दाट फॉरमॅट करून तिच्यातून १.७२२ एमबी जागा काढली होती.

डॉसच्या बाजूची हकीकत जास्त बोलकी आहे. १९९१ मध्ये एमएस-डॉस ५.० बरोबर एडिट आला. एकेक ओळ मागून घेणाऱ्या एडलिनवर दिवस काढलेल्यांना तो मोठाच दिलासा होता. पण एडिट डॉट कॉम ही फाइल नुसता दरवाजा होती, आतलं काम क्यूबेसिक करायचं. बूट फ्लॉपीवर एकटा एडिट कॉपी करून नेला की ऐनवेळी 'क्यूबेसिक सापडत नाही' असा संदेश यायचा. विंडोज ९५ पासून एडिट स्वतःच्या पायावर उभा राहिला आणि विंडोजच्या स्टार्टअप डिस्कवर मिळायला लागला. डिस्कवर कुठलाही एडिटर घेताना पहिला प्रश्न हाच असावा: याला चालायला आणखी काय काय लागतं?

आज सिस्टमरेस्क्यू या तयार रेस्क्यू डिस्कची आयएसओ फाइल साधारण एक जीबीची असते. जागेचं कारण सांगून वाईट एडिटर गळ्यात मारायचे दिवस गेले. राउटरच्या फर्मवेअरमध्ये किंवा बूटच्या सुरुवातीच्या इनिटरॅमएफएसमध्ये अजून केबी मोजतात, आणि तिथे बिझीबॉक्समधला व्हीआय राज्य करतो, कारण तो वीस-पंचवीस केबीत बसतो.

व्हीआय

बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास बर्कलीत एक्स हा एडिटर लिहिला आणि त्याचं पडद्यावरचं रूप म्हणजे व्हीआय. त्यांच्यासमोर एडीएम-३ए हा टर्मिनल होता. त्याच्या कीबोर्डवर एच, जे, के, एल याच कळांवर बाण छापलेले होते, म्हणून व्हीआयमध्ये आजही त्याच कळांनी कर्सर हलतो. जोडणी ३०० बॉडच्या मोडेमची, म्हणजे पडदा पुन्हा रंगवायचा तर वाट बघत बसायचं. कमीत कमी कळांत जास्तीत जास्त काम उरकायची व्हीआयची वृत्ती तिथून आली. मंद सिरियल लाइनवर काम करणाऱ्याला ती अजूनही पदोपदी उपयोगी पडते.

व्हीआयच्या बाजूनं सर्वांत जड पारडं म्हणजे तो सगळीकडे असतो. पॉझिक्स या मानकात त्याचं वर्णन आहे. बिझीबॉक्समध्ये तो आहे, बीएसडीमध्ये आहे, रेड हॅटच्या अगदी किमान इन्स्टॉलेशनमध्येही आहे. ज्याला तो येतो त्याला कुठल्याही युनिक्सवर परकं वाटत नाही.

ज्याला येत नाही त्याचं काय होतं हेही सगळ्यांना ठाऊक आहे. विम म्हणजे व्हीआयचाच सुधारित अवतार. त्यातून बाहेर कसं पडायचं, हा स्टॅक ओव्हरफ्लोवरचा प्रश्न २०१७ पर्यंत दहा लाखांहून जास्त वेळा पाहिला गेला होता. विनोद म्हणून ठीक आहे, पण रेस्क्यू डिस्कवर यापेक्षा वाईट घडू शकतं. नवखा माणूस टाइप करायला लागतो, आणि कमांड मोडमध्ये प्रत्येक अक्षर म्हणजे एक आज्ञा असते. दोनदा 'डी' दाबलं गेलं की ओळ गेली. विंडोजच्या सवयीनं सेव्ह करायला कंट्रोल-एस दाबलं की काही ठिकाणी पडदा गोठू शकतो, कारण ती टर्मिनलला 'थांब' म्हणायची जुनी खूण आहे. कंट्रोल-क्यूनं तो सुटतो, पण हे सांगणार कोण? 'अनडू' म्हणून कंट्रोल-झेड दाबलं तर एडिटरच नाहीसा होऊन शेल समोर येतं. एडिटर मागे निलंबित असतो. तीच फाइल पुन्हा उघडली की विम स्वॅप फाइल सापडल्याचा लांबलचक इशारा देतं. इथवर येईतो माणसाची खात्री झालेली असते की मशीन आणखी बिघडलं.

विमची छोटी आवृत्तीही एक खोडी करते. डेबियन आणि उबुंटूमध्ये व्हीआय म्हटल्यावर बहुधा विम-टायनी चालतं, आणि ते जुन्या व्हीआयशी सुसंगत राहायच्या आग्रहात असेल तर इन्सर्ट मोडमध्ये वरचा बाण दाबल्यावर मजकुरात ए उमटतो, खालचा दाबल्यावर बी, मग सी, डी. सुसंगततेचा तो पर्याय बंद करणारी एक ओळ सेटिंगमध्ये घातली की प्रश्न मिटतो. डिस्क तयार करणाऱ्यानं ती घातली नाही तर त्याला आळशी म्हणायला हरकत नाही.

न्याय म्हणून हेही सांगायला हवं की फाइल सुरक्षित लिहिण्यात विम हुशार आहे. मूळ फाइलवर लिहिताना ते आधी तिची प्रत करून ठेवतं आणि लिहिणं नीट झालं की ती काढून टाकतं. नॅनो अशी प्रत 'बी' हा पर्याय दिल्याशिवाय ठेवत नाही. भरलेल्या डिस्कवर काम करताना हा फरक जाणवू शकतो. म्हणून एडिटर कुठलाही असो, फाइलला हात लावण्याआधी तिची एक प्रत शेजारी करून ठेवावी.

नॅनो, आणि त्याची गेलेली खोड

वॉशिंग्टन विद्यापीठाच्या पाइन या ईमेल प्रोग्रॅममध्ये पत्र लिहायला पिको नावाचा सोपा एडिटर होता. लोकांना तो आवडायचा, पण त्याचा परवाना असा होता की डेबियनसारख्यांना बदल केलेली तयार प्रत वाटता येत नव्हती. ख्रिस अलेग्रेटा यांनी १९९९ मध्ये त्याची मुक्त प्रतिकृती लिहिली. तिचं नाव आधी टिप होतं, २००० मध्ये नॅनो झालं, आणि पुढे ती ग्नू प्रकल्पात गेली. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये एईची जागा शेवटी नॅनोनं घेतली.

नॅनोला मोड नाहीत. टाइप केलं की अक्षर उमटतं. तळाच्या दोन ओळींत काय दाबल्यावर काय होईल ते लिहिलेलं असतं. कॅरेटची खूण म्हणजे कंट्रोल, एवढं एक कळलं की झालं. कंट्रोल-एक्स दाबलं आणि बदल शिल्लक असतील तर सेव्ह करायचं का असं तो विचारतो. फोनवर कुणाला मार्गदर्शन करताना याचं मोल कळतं. पलीकडचा माणूस पडद्यावर दिसतंय ते वाचून दाखवतो आणि त्यातच पुढची पायरी लिहिलेली असते.

तरीही कित्येक वर्षं अनुभवी मंडळी नॅनोला डिस्कवर डीफॉल्ट करायला बिचकत होती, आणि त्यांचं कारण खरं होतं. पिकोचा जन्म पत्रं लिहायला झाला. पत्रात ओळ लांबली की ती तोडून खाली घेणं ही सोय असते. नॅनोनं तीच सवय उचलली. कर्नलच्या पर्यायांची ओळ मात्र दीडशे-दोनशे अक्षरांची असू शकते. तिच्यात एखादा शब्द घातला की नॅनो ती मधेच तोडून खरीखुरी नवी ओळ तयार करायचा. एफएसटॅबची ओळ अशी तुटली तर तिचा अर्धा भाग म्हणजे वेगळीच, निरर्थक नोंद. म्हणून जेंटूच्या हँडबुकात नॅनोची आज्ञा वर्षानुवर्षं 'डब्ल्यू' हा पर्याय जोडून लिहिलेली असायची. त्याचा अर्थ, ओळ तोडू नकोस. मार्च २०१९ मध्ये आलेल्या ४.० या आवृत्तीत नॅनोनं ही सवय सोडली. पुढच्याच वर्षी फेडोरा ३३ नं व्हीआयऐवजी नॅनो डीफॉल्ट केला. माझ्या मते रेस्क्यू डिस्कच्या बाबतीत या वादाचा खरा निकाल ४.० या आवृत्तीनं लावला. आधीच्या आवृत्तीच्या नॅनोला डीफॉल्ट करणं धोक्याचं होतं, आता नाही. जुनी डिस्क कपाटात असेल तर तिच्यावरची आवृत्ती तपासून घ्यावी.

सेव्ह करायला कंट्रोल-ओ ही नॅनोची जुनी कळ नवख्याला सुचत नाही, पण अलीकडच्या आवृत्त्यांत कंट्रोल-एसही चालतं. कंट्रोल-झेड दाबून चुकून शेलमध्ये फेकलं जाण्याचा प्रकारही त्यांत बंद केला आहे. २०२४ च्या ८.० मध्ये तर कंट्रोल-सी म्हणजे कॉपी, कंट्रोल-क्यू म्हणजे बाहेर, अशा आजच्या वळणाच्या कळा मागून घेता येतात. रेस्क्यू डिस्कवर त्या आपणहून चालू करू नयेत. नॅनो ज्याला येतो त्याची बोटं जुन्याच कळांवर जाणार.

ईडी

बातम्यांतली नव्हे. केन टॉम्प्सन यांनी १९६९ मध्ये लिहिलेला हा एडिटर पडदा धरूनच चालत नाही, कारण तेव्हा समोर टेलिटाइप होता आणि छपाई कागदावर व्हायची. ओळीचा क्रमांक द्या, बदल सांगा, लिहा, बाहेर पडा. चुकलं तर तो फक्त एक प्रश्नचिन्ह छापतो.

हा म्हातारा अजून कामावर आहे तो याच गुणामुळे. टर्मिनल कुठला आहे हे त्याला माहीत असावं लागत नाही. ओपनबीएसडीच्या इन्स्टॉल आणि दुरुस्तीच्या रॅमडिस्कवर व्हीआय मिळत नाही, ईडी मिळतो. फ्रीबीएसडीमध्ये ५.२ या आवृत्तीपासून 'रेस्क्यू' नावाची एक डिरेक्टरीच आहे. तिच्यातले प्रोग्रॅम लायब्ररींवर अवलंबून न राहता चालतील असे बांधलेले असतात, आणि तिथे ईडी आणि व्हीआय दोन्ही शेजारी शेजारी आहेत. लायब्ररी बिघडली तरी एडिटर चालावा, हा विचार क्यूबेसिकच्या अनुभवानंतर वेगळा पटवायला नको. ईडी डीफॉल्ट करायचा नाही, पण डिस्कवरून काढायचाही नाही.

बाकीची मंडळी

इमॅक्सला इथे आणण्यात अर्थ नाही. त्याच्या कळांची सवय सुटत नसेल तर एमजी किंवा झाइल हे छोटे भाऊ पुरतात. जो हा जोसेफ ॲलन यांचा एडिटर वर्डस्टारच्या कळांवर चालतो. ज्यांनी डॉसवर वर्डस्टारमध्ये पत्रं टंकली त्यांना तो चटकन हाताला बसेल, पण ती पिढी आता रेस्क्यू डिस्क घेऊन बसत नाही.

मिडनाइट कमांडर डिस्कवर असेल तर त्याचा एमसीएडिट फुकटात मिळतो, आणि माझ्या मते त्याची कदर व्हायला हवी तेवढी होत नाही. डाव्या-उजव्या दोन खिडक्यांत फायली दिसतात, त्यामुळे एमएनटीच्या आत आहोत की बाहेर हे नजरेसमोर राहतं. एफ-४ नं फाइल उघडते, एफ-२ नं सेव्ह होते, एफ-१० नं बाहेर. अडचण एकच: सिरियल किंवा दूरच्या जोडणीवर एफच्या कळा नीट पोचतीलच असं नाही.

सिस्टमरेस्क्यूमध्ये एक्सएफसीईचा डेस्कटॉप सुरू करून माऊसनं चालणारा एडिटरही वापरता येतो. ग्राफिक्स चालत असेल तर जरूर वापरावा. पण बिघाड ग्राफिक्सचाच असू शकतो, म्हणून डीफॉल्टचा विचार काळ्या पडद्यापासूनच करायचा.

विंडोजच्या बाजूला

विंडोजच्या रिकव्हरीमधून कमांड प्रॉम्प्ट उघडून नोटपॅड असं लिहिलं की नोटपॅड चक्क उघडतो. जाणकार त्याच्या 'ओपन'च्या खिडकीचा वापर कुठल्या ड्राइव्हला कुठलं अक्षर मिळालंय हे बघायलाही करतात. त्यातून लिनक्सची फाइल दुरुस्त करायची असेल तर जपून. विंडोज आणि लिनक्स ओळीचा शेवट वेगळ्या खुणेनं लिहितात, आणि लिनक्सची खूण नोटपॅडला विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपर्यंत कळतच नव्हती. उलट दिशेनं विंडोजची खूण शेल स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत शिरली की लिनक्सला तो इंटरप्रिटर सापडत नाही. चूक पडद्यावर दिसत नाही, म्हणून जास्त छळते.

मायक्रोसॉफ्टनं मे २०२५ मध्ये कमांड लाइनवर चालणारा नवा एडिट जाहीर केला. तो रस्ट भाषेत लिहिलेला, मुक्त स्रोत, २५० केबीपेक्षा लहान आणि मोड नसलेला आहे. चौसष्ट बिटांच्या विंडोजमध्ये असा एडिटर मुळात नव्हताच. मोड का टाळले हे सांगताना त्यांनी विममधून बाहेर न पडता येण्याच्या त्याच विनोदाचा उल्लेख केला.

टर्मिनल, कीबोर्ड, देवनागरी

पडदाभर चालणाऱ्या एडिटरला टर्मिनलची जात माहीत असावी लागते. ती 'टर्म' या व्हेरिएबलमध्ये असते आणि तिचे गुणधर्म टर्मइन्फोच्या संग्रहात. डिस्कवर जागा वाचवायला हा संग्रह छाटला असेल तर नॅनो अडतो आणि विमही अडखळतं. लिनक्सचा कन्सोल, व्हीटी-१००, व्हीटी-२२० आणि एक्सटर्म एवढ्या नोंदी तरी हव्यातच.

आपल्याकडचे कीबोर्ड बहुतेक अमेरिकी मांडणीचे असल्यामुळे फ्रान्स-जर्मनीतल्या लोकांना भोवणारा त्रास आपल्याला होत नाही. तिथे डिस्क अमेरिकी मांडणी धरून चालते आणि व्हीआयमधला कोलनच सापडत नाही. युरोपात राहणाऱ्या मराठी वाचकांना हे ओळखीचं असेल.

आपला त्रास वेगळा. लिनक्सच्या साध्या कन्सोलवर एका वेळी जास्तीत जास्त ५१२ अक्षराकृती मावतात आणि जोडाक्षरं, मात्रा जुळवायची सोय तिथे नाही. फाइलमध्ये मराठीत टीप लिहिली असेल किंवा डिरेक्टरीचं नाव देवनागरीत असेल तर तिथे चौकोन दिसतात. फाइल बिघडलेली नसते. ते चौकोन न पुसता बाकीची ओळ बदलून सेव्ह केली तर मराठी मजकूर तसाच राहतो. डेस्कटॉप सुरू करून, देवनागरीचा फाँट असेल तर, तो वाचताही येतो. तरी बूटच्या मार्गात येणाऱ्या फायलींत टिपा रोमन लिपीतच ठेवाव्यात, हा माझा व्यवहारी सल्ला.

क्रूटच्या आत

ग्रब पुन्हा बसवायचा किंवा पॅकेज दुरुस्त करायचं तर क्रूट करून बिघडलेल्या मशीनच्या आत शिरावं लागतं. आत गेलं की डिस्कवरचे प्रोग्रॅम मागे राहतात, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. तिथे त्या मशीनवर असतील तेच एडिटर. डिस्कनं 'एडिटर' या व्हेरिएबलमध्ये डीफॉल्ट म्हणून नॅनो ठरवलेला असतो, ते क्रूटच्या आतही सोबत येतं, पण आत रेड हॅटची किमान मांडणी असेल तर नॅनो नसतो, व्हीआय असतो. क्रॉनटॅब किंवा व्हीआयसुडो उघडायला गेलं की एडिटर सापडत नाही अशी तक्रार येते.

सिस्टमसीटीएलची एडिट आज्ञा शहाणी आहे. कुठलंच व्हेरिएबल ठरवलेलं नसेल तर ती क्रमानं डेबियनच्या पद्धतीचा 'एडिटर', मग नॅनो, मग विम, मग व्हीआय शोधते. बाकीच्या प्रोग्रॅमांकडून ही अपेक्षा ठेवता येत नाही. सोपा उपाय असा की साध्या फायली क्रूटच्या बाहेरूनच, एमएनटीच्या पाथनं दुरुस्त करायच्या. सुडोअर्सला मात्र व्हीआयसुडोच वापरावं, कारण ते सेव्ह करण्याआधी फाइलची रचना तपासतं. त्याचा व्हीआयच उघडायचा हट्ट असेल तर एडिटरचं व्हेरिएबल बदलून बघावं.

मग डीफॉल्ट कोणता

डीफॉल्ट हा त्याच्यासाठी असतो ज्यानं काही मागितलेलं नाही. ज्याला विम हवं तो विम असं टाइप करेल, त्याला डीफॉल्टशी देणंघेणं नाही. उरतो तो माणूस ज्याला एडिटरची नावंही ठाऊक नाहीत. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियलमधून मराठीत लिनक्स शिकलेल्या विद्यार्थ्यानं पाठांत जीएडिटची खिडकी उघडलेली पाहिली आहे. मोड ही कल्पना त्याच्या कानावर आलेली असेलच असं नाही, आणि इमर्जन्सी मोडचा संदेश ही ती शिकायची वेळ नव्हे. म्हणून सर्वसाधारण रेस्क्यू डिस्कवर डीफॉल्ट नॅनो, ४.० किंवा पुढचा. धर्मशाळेतला तांब्या कुणाच्याच आवडीचा नसतो, पण त्यानं पाणी प्यायला कुणाला शिकवावं लागत नाही.

डेबियननं हाच कौल आकड्यांत दिला आहे. त्याच्या पर्यायांच्या यादीत नॅनोला ४०, पूर्ण विमला ३०, विम-टायनीला १५ आणि ईडीला उणे १०० असा अग्रक्रम आहे.

पण नॅनो डीफॉल्ट करणं म्हणजे व्हीआय काढून टाकणं नव्हे. व्हीआय असं टाइप केल्यावर काहीच सापडलं नाही तर अनुभवी माणूस ती डिस्क पुन्हा हातात धरणार नाही, आणि त्याचं बरोबर असेल. त्या नावाखाली नॅनो उघडणं तर त्याहून वाईट. बोटं सवयीनं एस्केप, कोलन, डब्ल्यू, क्यू दाबतात आणि तीच अक्षरं फाइलमध्ये जाऊन बसतात.

अपवाद ग्रमलसारख्या डिस्कचा. ती डेबियनवर आधारलेली आणि सिस्टम ॲडमिनसाठीच बनवलेली आहे, आणि तिचा शेलही झेडएसएच आहे. तिथे विम डीफॉल्ट आहे ते योग्यच. ज्या कंपनीत सर्व्हर सांभाळणारे चौघेही विमवरच वाढले तिथल्या अंतर्गत डिस्कवर नॅनो लादण्यात काही हशील नाही.

डिस्क तयार केल्यावर

एडिटर आणि व्हिज्युअल ही दोन्ही व्हेरिएबलं ठरवावीत, कारण काही प्रोग्रॅम एक बघतात तर काही दुसरं. लॉगिनच्या संदेशात एक ओळ घालावी: फाइल बदलायला नॅनो, मशीनच्या फायली एमएनटीच्या आत. सिस्टमरेस्क्यूमध्ये सुरुवातीला आपोआप चालणारी स्क्रिप्ट ठेवता येते, त्यामुळे आयएसओ नव्यानं न बांधता एवढं जमतं.

मग ती डिस्क व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवून बघावी, ८० बाय २४ च्या खिडकीत आणि सिरियल कन्सोलवरही. दोनशे अक्षरांची ओळ असलेली फाइल उघडून तिच्यात एक शब्द घालावा, सेव्ह करावी, आणि आधीच्या प्रतीशी डिफ लावून बघावं की बदल तेवढाच झाला आहे. बाण दाबून बघावेत. कंट्रोल-एस आणि कंट्रोल-झेड मुद्दाम दाबावेत. फाइल रीड-ओन्ली माउंट केलेल्या पार्टिशनवर असताना एडिटर काय सांगतो ते वाचावं. शेवटी डिस्क अशा कुणाच्या तरी हाती द्यावी ज्यानं लिनक्सचा काळा पडदा पाहिलेला नाही, एफएसटॅबमधलं एक अक्षर बदलायला सांगावं, आणि तो कुठे थबकतो ते लिहून घ्यावं.